पाटा-वरवंटा: आठ महिने वापरल्यानंतर

गणपती झाल्यावर काळ्या दगडाचा पाटा-वरवंटा घेतला. शहराबाहेर रस्त्याकडेला पाथरवट बसतात, त्यांच्याकडून, 1,600 रुपयांना. तिसऱ्या मजल्यावर आणायला दोघे लागले. मिक्सर घरात आहेच, इडलीचं पीठ अजून त्यातच होतं. पाटा निघतो तो रविवारी, मटणाच्या वाटणाला.

नवा पाटा लगेच वापरता येत नाही. तांदूळ आणि जाडं मीठ वाटून टाकून द्यायचं, दगडाची कच जाईपर्यंत. पहिल्या दोन खेपांना पीठ करडं निघालं. तिसऱ्या खेपेला मला पांढरं दिसलं, पण आईनं चिमूट दाताखाली धरली आणि म्हणाली, "अजून कचकचतंय बघ." पाच वेळा वाटल्यावर तिनं मान डोलावली.

चवीचं सांगते. मिक्सरचं पातं फिरायला पाणी घालावं लागतं, पाट्यावर नुसता ओला हात पुरतो. त्यामुळं भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, कांदा, आलं-लसूण यांचं वाटण घट्ट राहतं, परतताना लवकर तेल सोडतं आणि तांबड्या रश्श्याला तवंग चांगला येतो. खरा फरक पांढऱ्या रश्श्यात आहे. भिजवलेली खसखस थोडी असली की मिक्सरच्या भांड्याला नुसती चिकटून बसते. पाट्यावर तिचं लोणी होतं.

त्रासही आहे. चौघांच्या वाटणाला 25 मिनिटं जातात. पहिला महिना कंबर आणि मनगटं दुखली. आवाज खाली जातो म्हणून खालच्या काकू तक्रार घेऊन आल्या, आणि ती रास्त होती. चौपदरी गोणपाट घातलं तेव्हा आवाज थांबला. पुढं एका रविवारी त्याच काकू हिरव्या मिरच्यांची वाटी घेऊन आल्या, खर्ड्यासाठी. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "तू बस, मी वाटतो." किती वर्षांनी हात लावला, ते वाटून होईपर्यंत सांगत होत्या.

पण हा पाटा मी चवीसाठी घेतला नव्हता.

आमचं जुनं घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत होतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी 43 फूट. पाणी उतरल्यावर आत गेलो तेव्हा फ्रीज आडवा पडलेला, गाद्या, मिक्सर, धान्य सगळं चिखलात. आजीचा पाटा मात्र स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होता तिथंच होता. आईनं सगळ्यात आधी तोच धुतला. तीन वर्षांनी घर विकलं. सामान हलवताना मी म्हटलं, फ्लॅटमध्ये हा धोंडा कशाला? आई "बरं" एवढंच म्हणाली.

या दिवाळीत वाटता वाटता ती सहज बोलून गेली. माझ्या पाचवीला त्याच पाट्या-वरवंट्याची पूजा झाली होती. बारशाला त्या वरवंट्याला माझं झबलं-टोपरं घालून आधी त्यालाच पाळण्याभोवती फिरवला होता. माझा हात थांबला. तेव्हाच का नाही सांगितलंस, विचारलं. "तू दमली होतीस किती," ती म्हणाली, "आणि वर हे कुठं सांगत बसू?" मला त्या दिवशीचा माझा आवाज आठवत होता. तिला माझा दमलेला चेहरा आठवत होता.

सातव्या महिन्यात पाटा गुळगुळीत झाला, वाटण नुसतं सरकायला लागलं. पाटा घेतलात तर हे होणारच, दगड बदलू नका, टाकी लावून घ्या, म्हणजे छिन्नीनं पुन्हा खरबरीत करून घ्या. आमच्या गल्लीत टाकी लावणाऱ्या मावशींची हाक ऐकू आली तशी मी धावत खाली गेले. मावशी वर आल्या, आधी पाणी प्यायल्या, मग पाट्यावर तळहात फिरवून किती झिजलाय ते पाहिलं. छिन्नी तिरकी धरून बारीक, सारखे घाव घालत गेल्या. जोरात का नाही मारत, विचारलं. "खोल गेलं की वाटण त्यातच बसतंय, मग धुवून निघत न्हाई." शंभर रुपये घेतले.

घाव घालता घालता त्यांनी आईला विचारलं, "नवा दिसतोय. जुना कुठाय?"

मी खाली बघितलं. आई म्हणाली, "पुरात गेला."

मावशींची हातोडी क्षणभर थांबली. "पाटा कुठं पुरात जातोय, बाई," त्या म्हणाल्या.

आई काही बोलली नाही. चहा टाकायला आत गेली. संध्याकाळी आम्ही दोघींनी पुन्हा तांदूळ आणि जाडं मीठ वाटायला घेतलं.