जीआयएस कोर्स आणि 'घरबसल्या डिजिटायझिंगचं काम' : माझे ९७,२३० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आधी आकडे लिहिते, म्हणजे कोणाला वाटायला नको की थोडक्यासाठी एवढं लिहितेय. जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे आणि जागांची माहिती हाताळण्याचं तंत्र, त्याच्या कोर्सची फी ३८,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ६,९३०, म्हणजे ४५,४३०. सॉफ्टवेअर लायसन्स ११,८००. प्रोजेक्टचं डिपॉझिट २५,०००. आणि शेवटी 'सेटलमेंट' म्हणून १५,०००. एकूण ९७,२३० रुपये. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, त्यामुळे ही रक्कम माझ्यासाठी काय आहे ते या लाइनमधल्या लोकांना वेगळं सांगायला नको. डिपॉझिटचे पैसे भावाने दिले होते, अजून त्याला परत करता आलेले नाहीत.

घरबसल्या काम, मग डिपॉझिट, मग 'तुमची अॅक्युरसी कमी आली' आणि मग वकिलाची नोटीस, हा प्रकार डेटा एन्ट्रीच्या नावाखाली कसा चालतो ते सगळ्यांना माहितीये, मलाही माहिती होतं. पण तोच प्रकार नकाशांच्या कामात येईल आणि तोही तीन महिने व्यवस्थित शिकवून झाल्यावर येईल असं डोक्यातच आलं नाही. कारण जीआयएस हे खोटं क्षेत्र नाहीये. महापालिका मालमत्ता कराचा सर्व्हे जीआयएसवर करतात, पाण्याच्या लाइनी कुठून कुठे गेल्यात ते त्यावर ठेवतात, पाणलोटाचं काम करणारे कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, बघून बंधाऱ्याची जागा ठरवतात. २०२० च्या एप्रिलमध्ये स्वामित्व योजना सुरू झाली, गावठाणांवरून ड्रोन फिरले, घराघराचे नकाशे बनले, लोकांना मिळकत पत्रिका मिळाल्या. हे सगळं डोळ्यासमोर घडलेलं आहे. मी एम.ए. भूगोल केलंय, मला या विषयात पुढे जायचं होतं, आणि जाहिरातीत नेमकं हेच लिहिलेलं: 'स्वामित्व आणि स्मार्ट सिटी प्रोजेक्टवर काम करण्याची संधी, शंभर टक्के प्रोजेक्ट गॅरंटी.'

तर पहिली गोष्ट इथेच ऐका. स्वामित्वचं काम सर्व्हे ऑफ इंडिया आणि राज्याचं भूमी अभिलेख खातं करतं. 'त्यांचं जास्तीचं काम आमच्याकडे येतं' असं कोणी सांगितलं तर वर्क ऑर्डर दाखवा म्हणायचं. टेंडर नंबर विचारायचा. मी विचारलं होतं, तेव्हा काउन्सेलर मॅडम म्हणाल्या 'गोपनीय असतं, एनडीए, म्हणजे गोपनीयतेचा करार, साइन केलाय.' मला तेव्हा ते पटलं, कारण नकाशांच्या बाबतीत आपल्याकडे खरंच वर्षानुवर्षं गोपनीयतेचं वातावरण होतं, २०२१ च्या फेब्रुवारीत नियम सैल होईपर्यंत साधं सर्वेक्षण करायलाही परवानग्या लागायच्या. म्हणजे मी जे खरं शिकले होते तेच माझ्याविरुद्ध वापरलं गेलं.

कोर्स वाईट नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. शिकवणारा मुलगा हुशार होता. स्कॅन केलेल्या नकाशाचं जिओरेफरन्सिंग (तो जमिनीवरच्या खऱ्या जागेशी जोडणं), बफर (एखाद्या जागेभोवती ठराविक अंतराचा पट्टा काढणं), ओव्हरले (नकाशे एकमेकांवर ठेवून बघणं), सेंटिनेल २ या उपग्रहाच्या इमेजवर पिकं आणि पडीक जमीन वेगळी करणं, सगळं हाताने करून घेतलं. आपलं राज्य यूटीएमच्या, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा मोजण्याच्या पद्धतीच्या, ४३ आणि ४४ अशा दोन झोनमध्ये विभागलं जातं, ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला गेलं की ४४ लागतो आणि झोन चुकला तर सगळं काम भलतीकडे जाऊन बसतं, हे त्यानेच शिकवलं. त्याचाही पगार थकवला होता असं नंतर कळलं. चांगलं शिकवल्यामुळेच आम्ही सगळे पुढच्या पैशांना तयार झालो, नाहीतर वर्गातली निम्मी मुलं पहिल्या महिन्यातच सावध झाली असती.

मग लायसन्स. 'प्रोजेक्टचं काम आमच्याच सॉफ्टवेअरवर होतं, वर्षाचं लायसन्स १०,००० अधिक जीएसटी.' ते सॉफ्टवेअर म्हणजे क्यूजीआयएस होतं. आयकॉन बदललेला, उघडताना त्यांचा लोगो येतो, पण फाईल सेव्ह केली की क्यूजीझेड, म्हणजे क्यूजीआयएसच्याच प्रकारात, सेव्ह होते. क्यूजीआयएस फुकट आहे, ओपन सोर्स आहे, कोणीही डाउनलोड करू शकतं, त्याचं वर्षाचं लायसन्स वगैरे काही संपत नाही. शिकवण्याचे, सपोर्टचे पैसे कोणी घेतले तर तो वेगळा विषय. लायसन्सचे पैसे मागितले की उठून यायचं. ११,८०० रुपये मी एका फुकटच्या सॉफ्टवेअरसाठी दिलेत हे घरी सांगताना काय झालं असेल ते मी इथे लिहीत नाही.

डिजिटायझिंगचं काम असं होतं: त्यांनी गावाची सॅटेलाइट इमेज द्यायची, आपण घरांच्या छपरांचे पॉलिगन, म्हणजे कडेने बंद आकार, काढायचे, एका पॉलिगनला ६ रुपये. एक बॅच २,५०० पॉलिगनची म्हणजे १५,००० रुपये, महिन्याला दोन बॅच. ५०० च्या स्टॅम्पपेपरवर अॅग्रीमेंट, २५,००० डिपॉझिट, तीन बॅच झाल्या की परत. ९८ टक्के अॅक्युरसी पाहिजे, नाहीतर 'क्लायंट लॉस' भरून द्यायचा. ही शेवटची ओळ अकराव्या पानावर होती.

आता जे मला आजही झोपू देत नाही ते सांगते. पहिल्या बॅचची इमेज उघडली. जेपीजी फाईल. कोऑर्डिनेट (अक्षांश-रेखांशासारखे जागेचे आकडे) नाहीत, मेटाडेटा (फाईलबद्दलची माहिती) नाही, कुठल्या उपग्रहाची, कुठल्या तारखेची, एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर किती, काहीच नाही. सोबतच्या कागदावर लिहिलेलं की गाव गडचिरोली जिल्ह्यातलं आणि प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत) यूटीएम झोन ४३. गडचिरोली ८० अंशांच्या आसपास आहे! तिथे ४४ लागतो, हे मला त्यांनीच शिकवलेलं. आणि इमेजच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांचा वरचा अर्धा भाग दिसत होता, कापताना राहून गेलेला. मी झूम करून बघितलं. गूगल अर्थचा लोगो होता. म्हणजे 'सरकारी प्रोजेक्टची हाय रेझोल्यूशन इमेज' म्हणजे कोणीतरी स्क्रीनवरून काढलेला फोटो. मी ते अर्धं अक्षर किती वेळ बघत बसले असेन. पाणी कुठंतरी मुरतंय हे कळत होतं. तिथेच लॅपटॉप बंद करून डिपॉझिट परत मागायला हवं होतं.

पण मी गप्प बसले असं नाही, फोन केला. कोऑर्डिनेटर म्हणाला 'मॅडम, पहिली बॅच ट्रेनिंगची असते, ओरिजिनल डेटा दुसऱ्या बॅचपासून. आणि झोन क्लायंटने दिलाय तोच ठेवा, तुम्ही बदललात तर रिजेक्ट होईल.' आता सांगा, २५,००० आधीच अडकलेत, अॅग्रीमेंटवर सही आहे, मध्येच सोडलं तर डिपॉझिट जप्त असं त्यात लिहिलंय, अशा वेळी माणूस काय करेल? बाहेरून बघणाऱ्याला 'एवढं शिकलेली बाई आणि कळलं नाही का' म्हणणं सोपं आहे. कळलं होतं हो. पण वर्गातल्या सगळ्यांना तशीच इमेज होती आणि सगळे काम करत होते.

बॅच दिली. कोपऱ्यात आडवीतिडवी घरं होती, झाडाखाली गेलेली छपरं होती, एक एक पॉलिगन व्हर्टेक्स (कोपऱ्याचे बिंदू) ओढून नीट केलेला, ओव्हरलॅप आणि फटी तपासलेल्या. रिपोर्ट आला: अॅक्युरसी ९१.४ टक्के. कशाच्या तुलनेत? अचूकता मोजायला काहीतरी खरं लागतं, जमिनीवर नीट मोजून घेतलेले कंट्रोल पॉइंट लागतात, डीजीपीएसचं (जास्त अचूक जीपीएसचं) मोजमाप लागतं, नाहीतर निदान दुसरा जास्त अचूक नकाशा तरी लागतो. ज्या जेपीजीला मुळात कोऑर्डिनेटच नाहीत तिच्यावरच्या कामाची टक्केवारी दशांश चिन्हापर्यंत काढली कशी? हा प्रश्न मी मेलवर विचारलाय, त्याचं उत्तर आजपर्यंत नाही. तुम्ही काम घेण्याआधी विचारा, अॅक्युरसी कशाशी ताडून बघणार आणि आरएमएस एरर (सरासरी चूक) किती चालेल. खरं काम देणारा हे स्वतःहून लिहून देतो.

त्यानंतर वकिलाच्या नावाची नोटीस व्हॉट्सअॅपवर. ४८,००० रुपये सात दिवसांत भरा, नाहीतर कोर्टात केस, 'अटक वॉरंट' असा शब्दही त्यात होता. घरात सासूबाई आजारी, मी घाबरले. फोनवर घासाघीस होऊन १५,००० वर आले आणि मी भरले. ते भरायला नको होते असं आता जो तो सांगतो. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नसतो, पैशाच्या वादात कोणी वकील अटक वॉरंट काढू शकत नाही, हे मला त्या दिवशी सांगणारं कोणी नव्हतं.

आता पोलिसांचं. स्टेशनला गेले तर हवालदार म्हणाले 'ताई, अॅग्रीमेंटवर सही तुमचीच आहे ना? मग हे सिव्हिल मॅटर, वकील गाठा.' मी म्हटलं लायसन्स खोटं आहे, इमेज खोटी आहे, ही फसवणूक आहे. त्यांनी अर्ज लिहून घेतला, त्यात जीआयएसच्या जागी जीएसटी लिहिलं आणि म्हणाले खाली सही करा. मी दुरुस्त करा म्हटलं तर तोंड वाकडं. मग म्हणे पैसे ऑनलाइन गेलेत तर सायबरला जा. सायबरवाले म्हणाले संस्थेचं ऑफिस आहे, माणसं समोर भेटलीत, म्हणजे तुमचं लोकल स्टेशन. परत लोकल. परत सायबर. बँकेत गेले तर 'ट्रान्झॅक्शन तुम्हीच केलंय, आम्ही काही करू शकत नाही.' एका साहेबांनी तर मला विचारलं 'नोकरी कशाला हवी होती, नवरा कमावतो ना?' हे ऐकून घ्यायचं, वरून विनंती करायची, पोच मागितली की 'पोच कशाला, आमच्यावर विश्वास नाही का?' तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फसवणाऱ्याने एकदा फसवलं, या लोकांनी महिनोन्महिने फिरवलं, आणि तेवढ्या काळात संस्थेचं खातं रिकामं झालं.

म्हणून सांगते, पैसे गेल्याचं कळल्या कळल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तासाभरात केला तर रक्कम पुढे जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. स्टेशनने एफआयआर घेतला नाही तर तक्रार लेखी स्वरूपात पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, नव्या कायद्यात, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. मला हे माझ्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी सांगितलं, ते वकील आहेत. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मी तिथे तक्रार दाखल केलीय, त्याआधी पावत्यांवरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघितला तर तो रद्द झालेला आणि धंदा भलताच. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि फुकट आहे, पैसे भरायच्या आधी करा.

सर्टिफिकेटवर 'आयएसओ ९००१' छापलेलं असतं त्याला भुलू नका, ते व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र आहे, कोर्सला मान्यता नव्हे. आम्हाला वर ३०,००० ची ड्रोन पायलटची 'अॅड ऑन' पण विकत होते, मी घेतली नाही. ड्रोनसाठी डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, मान्यता दिलेल्या संस्थेचंच रिमोट पायलट सर्टिफिकेट चालतं. आणि शिकायचंच असेल तर देहरादूनच्या आयआयआरएसचे ऑनलाइन कोर्स आहेत, इस्रोची संस्था आहे, फी नाही. सेंटिनेल २ चा १० मीटरचा (एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर १० मीटर) डेटा, लँडसॅट उपग्रहांचा ३० मीटरचा डेटा फुकट मिळतो, आपल्याच तालुक्याची इमेज घ्या, धरणातलं पाणी दरवर्षी किती घटलं वाढलं ते काढा, तो नकाशा मुलाखतीला घेऊन जा.

ती संस्था आता नाव बदलून दुसऱ्या इमारतीत चालू आहे. नव्या जाहिरातीत आमच्याच वर्गाचा फोटो आहे, त्यात मी तिसऱ्या बाकावर बसलेली स्पष्ट दिसतेय. तो काढा म्हणून लेखी मागणी केलीय, काढलेला नाही. ज्यांना अशीच टक्केवारीची नोटीस आलीय त्यांनी एक रुपयाही भरू नका. ती जेपीजी, अॅग्रीमेंट, कॉल रेकॉर्डिंग, नोटीस जशी आली तशी ठेवा, व्हॉट्सअॅप डिलीट करू नका आणि लाज न बाळगता तक्रार द्या. आमच्या बॅचमधले बरेच जण घरच्यांच्या भीतीने गप्प आहेत, आणि एकट्या बाईचा अर्ज असला की त्याला सिव्हिल मॅटर म्हणून हाकलणं सोपं जातं.