सर्व्हाव्हॅक की गार्डसिल ९? मुलीसाठी लस ठरवताना

मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की बालरोगतज्ज्ञ एचपीव्ही या गर्भाशयमुखाचा कर्करोग करणाऱ्या विषाणूवरच्या लसीचा विषय काढतात आणि दोन नावं समोर येतात: पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक आणि एमएसडी या औषध कंपनीची गार्डसिल ९. पहिलीचा डोस दोन हजारांच्या आसपास, दुसरीचा दहा हजारांच्या घरात. एवढा फरक कशासाठी मोजायचा?

तंत्र दोन्हींचं एकच, आणि ते नॅनो पातळीवरचं आहे. विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं एल१ नावाचं प्रथिन यीस्टमध्ये तयार करतात. त्याचे ३६० रेणू आपोआप एकमेकांत गुंफले जाऊन साधारण ५५ नॅनोमीटरचा गोल कण बनतो. बाहेरून हुबेहूब विषाणू, आतून पोकळ. डीएनएच नसल्यामुळे त्यापासून संसर्ग होऊच शकत नाही, पण शरीर फसतं आणि प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करतं. इयान फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात असे कण बनवले, त्यातून ही लस आली.

फरक आहे तो विषाणूच्या प्रकारांत. सर्व्हाव्हॅक ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर चालते. गार्डसिल ९ मध्ये ३१, ३३, ४५, ५२, ५८ हे आणखी पाच. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात जगभरात १६ आणि १८ यांचा वाटा सुमारे ७० टक्के; जास्तीचे पाच धरले की तो ९० टक्क्यांच्या आसपास जातो. भारतात १६-१८ चाच वाटा आणखी मोठा आहे, त्यामुळे जादा पैशांचा फायदा इथे थोडा कमी पडतो.

पुराव्यात गार्डसिल पुढे आहे. चार प्रकारांच्या जुन्या गार्डसिलवर स्वीडनमध्ये झालेला अभ्यास २०२० मध्ये आला: १७ वर्षांच्या आत लस घेतलेल्यांमध्ये हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी, त्यानंतर तिशीपर्यंत घेतलेल्यांमध्ये ५३ टक्क्यांनी. सर्व्हाव्हॅकला २०२२ मध्ये मान्यता मिळाली ती प्रतिपिंडं त्याच गार्डसिलच्या तोडीची दिसली म्हणून. मला ते पुरेसं वाटतं.

स्वीडनच्या आकड्यांत मला ब्रँडपेक्षा वय महत्त्वाचं दिसतं. नऊ प्रकारांच्या लसीसाठी पैसे साठवत दोन-तीन वर्षं घालवू नका, सर्व्हाव्हॅक आत्ता द्या. सरकारी केंद्रात मुलीला एचपीव्हीची जी लस मोफत मिळत असेल, तीच घ्या. खर्च सहज झेपत असेल तर गार्डसिल ९ नक्कीच चांगली. चौदा वर्षांपर्यंत दोन डोस सहा महिन्यांच्या अंतराने, पंधरापासून तीन. (एकाच डोसनेही चांगलं संरक्षण मिळतं, हे दाखवणाऱ्या भारतीय अभ्यासात आपली बार्शी आणि पुणेही होते.)

लस कुठलीही घेतली तरी तिशीनंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करायचीच. मुलीच्या आईने तर ती आत्ताच करून घ्यावी.