अ‍ॅक्वा टेरा की डेटजस्ट: दोन्ही घड्याळे मनगटावर वागवल्यानंतर

ओमेगाचे अ‍ॅक्वा टेरा घ्यावे की रोलेक्सचे डेटजस्ट, असे कोणाला विचारले तर बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. एक म्हणजे ‘रोलेक्स ते रोलेक्सच’, आणि दुसरे ‘नावाचे पैसे कशाला मोजता, यंत्र ओमेगाचेच सरस’. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण रोज सकाळी घड्याळ हातात चढवणाऱ्या माणसाला ती फारशी उपयोगी पडत नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर मी अ‍ॅक्वा टेरा विकत घेतले. त्यानंतर माझे थोरले बंधू मुलीकडे कॅनडाला लांबच्या मुक्कामासाठी गेले आणि ‘बंद पडून राहण्यापेक्षा तू वापर’ असे म्हणून त्यांचे डेटजस्ट माझ्या हवाली करून गेले. त्यामुळे पावसाळा, ऑक्टोबरचा उकाडा आणि पुण्याची थंडी या तिन्ही ऋतूंत दोन्ही घड्याळे आलटून पालटून वापरता आली. जे लिहितो आहे ते या दोन नेमक्या घड्याळांविषयी आहे: पोलादी, ४१ मिमी व्यासाचे, ८९०० क्रमांकाचे यंत्र असलेले निळ्या तबकडीचे अ‍ॅक्वा टेरा, आणि पोलादी, साध्या गुळगुळीत बेझलचे (म्हणजे काचेभोवतीच्या कड्याचे), ऑयस्टर पट्ट्याचे आणि ३२३५ क्रमांकाचे यंत्र असलेले डेटजस्ट ४१.

दोघांची कुळे थोडक्यात सांगतो. ओमेगाची सुरुवात १८४८ साली स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँ येथे लुई ब्रांट यांच्या कार्यशाळेत झाली, आणि १८८० पासून तिचे ठाणे बील येथे आहे. रोलेक्सचा जन्म मात्र स्वित्झर्लंडमधला नव्हे. हान्स विल्सडॉर्फ यांनी १९०५ साली लंडनमध्ये व्यवसाय सुरू केला आणि तो पुढे जिनिव्हाला गेला. डेटजस्ट १९४५ पासून चालत आले आहे, तर अ‍ॅक्वा टेरा ही सीमास्टर कुटुंबातली २००२ साली आलेली शाखा आहे. रोलेक्सची मालकी विल्सडॉर्फ यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाकडे आहे आणि ओमेगा स्वॉच समूहात आहे. ग्राहकाला हा फरक यंत्रात जाणवत नाही, तो दुकानाच्या काउंटरवर जाणवतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

मी अ‍ॅक्वा टेराकडे वळलो त्याचे मुख्य कारण चुंबकत्व. माझे काम ध्वनिमुद्रणाचे आहे, त्यामुळे दिवसातला बराच वेळ मोठमोठ्या स्पीकरांच्या सान्निध्यात जातो. पूर्वी माझ्याकडे असलेले एक यांत्रिक घड्याळ या संगतीत वरचेवर चुंबकित होत असे. बॅलन्स व्हीलवरच्या, म्हणजे वेळेचा ताल धरणाऱ्या डोलत्या चाकावरच्या, केसाएवढ्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटू लागले की तिची कामाची लांबी कमी होते, आंदोलने जलद होतात आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटे पुढे धावू लागते. कारागिराकडे नेऊन चुंबकत्व उतरवून घेणे हा पाच मिनिटांचा उपाय असला तरी ते वारंवार करणे नकोसे होते. अ‍ॅक्वा टेरात ही स्प्रिंग सिलिकॉनची आहे, आणि यंत्राचे इतर नाजूक भागही चुंबकाला दाद न देणाऱ्या धातूंचे आहेत. संपूर्ण घड्याळाची १५,००० गॉसच्या (गॉस हे चुंबकी क्षेत्राचे एकक) क्षेत्रात चाचणी होते आणि ती स्विस संघराज्याच्या मापनशास्त्र संस्थेच्या, म्हणजे मेटासच्या देखरेखीखाली होते. घड्याळासोबत मिळालेल्या कार्डाच्या आधारे आपल्याच घड्याळाच्या तपासणीचे निकाल पाहता येतात, ही मला विशेष आवडलेली गोष्ट. इतके महिने स्पीकरशेजारी, लॅपटॉपवर आणि टॅब्लेटच्या चुंबकी कव्हरावर ते बेफिकीरपणे ठेवले, पण त्याची चाल तिळमात्र बदलली नाही.

तथापि डेटजस्टही या कसोटीत कमी पडले नाही, हे सांगितले पाहिजे. रोलेक्सची निळी पॅराक्रोम स्प्रिंग नायोबियम आणि झिर्कोनियमच्या मिश्रधातूची आहे आणि एस्केपमेंटचे, म्हणजे यंत्राची शक्ती ठेक्याठेक्याने डोलत्या चाकापर्यंत सोडणाऱ्या रचनेचे, भाग निकेल-फॉस्फरसचे आहेत. कंपनी ओमेगासारखा मोठा आकडा मिरवत नाही, पण माझ्या कामाच्या खोलीत तरी दोघांत फरक पडला नाही. ज्या गुणासाठी मी निवड केली तो गुण समोरच्याकडेही पुरेसा होता, असे म्हणायला हरकत नाही.

वेळेच्या अचूकपणाबाबतही तसेच. ओमेगाची हमी दिवसाला शून्य ते पाच सेकंद पुढे अशी आहे, म्हणजे घड्याळ मागे पडणारच नाही असा तिचा अर्थ. रोलेक्सची मर्यादा दोन सेकंद मागे ते दोन सेकंद पुढे अशी आहे. स्विस क्रोनोमीटर चाचणीच्या उणे चार ते अधिक सहा या मर्यादेपेक्षा दोन्ही कडक. माझे अ‍ॅक्वा टेरा दिवसाला दोन-अडीच सेकंद पुढे जाते, डेटजस्ट सेकंदभर मागे पडते. लोकल गाठणाऱ्यालाही हा फरक कळणार नाही. मात्र मला मागे पडणाऱ्या घड्याळापेक्षा पुढे जाणारे घड्याळ परवडते, कारण सेकंद थांबवून ते जुळवून घेणे सोपे असते.

आता ज्या गोष्टीची जाहिरात सर्वांत आकर्षक वाटते आणि जी भारतीय ग्राहकाने सर्वांत काळजीपूर्वक तपासावी तिच्याकडे येतो. ८९०० यंत्रात किल्ली पहिल्या टप्प्यावर ओढली की फक्त तास काटा एकेका तासाच्या उडीने मागेपुढे सरकतो. मिनिट आणि सेकंद काटे चालूच राहतात. विमानातून उतरल्यावर तास काटा हवा तितका सरकवायचा आणि घड्याळ क्षणभरही न थांबता नव्या देशाची वेळ दाखवू लागते, अशी ही कल्पना आहे. युरोपात राहून न्यूयॉर्क किंवा टोकियोला जाणाऱ्यासाठी ती उत्तमच आहे. आपली वेळ मात्र ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे, लंडन हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे. आपला माणूस ज्या देशांत नोकरीधंद्यासाठी किंवा लेकीसुनांकडे जातो, त्यांतल्या बहुतेकांशी असलेल्या अंतरात हा अर्धा तास येतोच. म्हणजे तास काटा सरकवूनही मिनिट काटा तीस मिनिटे फिरवावा लागतो, त्यासाठी किल्ली दुसऱ्या टप्प्यावर ओढावी लागते, सेकंद काटा थांबतो आणि सगळी खुबी वाया जाते. दुबईच्या कामाच्या वेळी मला हे प्रत्यक्ष करावे लागले. परदेशात पोहोचल्यावर तिथून पुढे दुसऱ्या देशात जायचे असेल तेव्हाच ही सोय खरी कामास येते. (हिवाळ्यात लंडनची वेळ पाहायची असेल तर आपल्याकडे याहून स्वस्त युक्ती आहे: आकडे नसलेले घड्याळ उलटे धरावे. दुपारचे तीन वाजले असतील तर ते साडेनऊ दाखवते.)

या खुबीची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. तास काट्यालाच तारीख जोडलेली असल्यामुळे या यंत्रात तारीख स्वतंत्रपणे चटकन बदलण्याची सोय नाही. यंत्राची साठवण ६० तासांची आहे. म्हणजे शुक्रवारी रात्री काढून ठेवलेले घड्याळ सोमवारी सकाळी जेमतेम चालू सापडते, आणि मधे एखादी सुट्टी आली तर बंद पडते. समजा ते आठवडाभर पडून राहिले. मग एकेका दिवसासाठी तास काट्याला पूर्ण दोन प्रदक्षिणा घालाव्या लागतात. तीन-चार दिवसांची बाकी असेल तर चालून जाते, पण आठवड्याहून जास्त असेल तर अंगठा आणि तर्जनीला चांगलाच व्यायाम होतो. काटा उलटाही फिरवता येतो आणि तारीख मागे जाते, हा त्यातल्या त्यात दिलासा. डेटजस्टमध्ये किल्लीच्या पहिल्या टप्प्यावर चार-सहा वळशांत तारीख लागते. शिवाय त्याची साठवण सुमारे ७० तासांची आहे, म्हणजे शुक्रवारी रात्री काढून ठेवलेले घड्याळ सोमवारी दुपारपर्यंतही चालू असते. मध्यरात्री तारीख क्षणात उडी मारून बदलते, तीही पाहण्यासारखी गोष्ट आहे. ज्याच्याकडे एकाहून अधिक घड्याळे आहेत, त्याला हा एवढा एक मुद्दा निर्णयासाठी पुरेसा ठरू शकतो.

मनगटावरचा अनुभव लिहिताना माझे माप थोडे डेटजस्टकडे झुकते. दोन्हींचा व्यास कागदावर ४१ मिमी असला तरी अ‍ॅक्वा टेरा एक मिलिमीटरहून थोडे जास्त जाड आहे, आणि ते जाडपण शर्टाच्या बाहीशी रोज भांडते. पण खरी तक्रार पट्ट्याची आहे. माझ्या अ‍ॅक्वा टेराला दोन्ही बाजूंनी मिटणारा फुलपाखरू पद्धतीचा क्लास्प (पट्टा मिटणारी पकड) आहे. मिटल्यावर तो मनगटाखाली सपाट आणि देखणा दिसतो, पण त्यात बारीक ढिले-घट्ट करण्याची सोय नाही. आपल्याकडच्या हवेत मनगट सकाळी एक असते आणि दुपारी दुसरे. ऑक्टोबरमध्ये दुपारी पट्टा घट्ट होऊन खाली लाल वळ उमटत असे. एक कडी वाढवून घेतली तर संध्याकाळी वातानुकूलित खोलीत घड्याळ सैल होऊन हाताच्या बाहेरच्या बाजूला घसरत असे. शेवटी उकाड्यापुरता रबरी पट्टा लावून घेतला. डेटजस्टच्या क्लास्पमध्ये एक कडी उलगडून पट्टा कोणत्याही हत्याराशिवाय ५ मिमी वाढवता येतो. क्लास्प उघडायचा, आत दुमडलेली कडी नखाने बाहेर ओढायची, पुन्हा मिटायचा. जेवायला बसण्याआधी बंधू हे सवयीने करत असत आणि मला तो त्यांचा छंद वाटत असे. आता मीही तेच करतो. इतक्या महागड्या घड्याळात ओमेगाने इथे हात आखडता घ्यायला नको होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

तबकडीच्या बाबतीत मात्र अ‍ॅक्वा टेरा जिंकते. जहाजाच्या डेकवरच्या लाकडी फळ्यांसारख्या आडव्या रेघा तिच्यावर आहेत आणि त्या उन्हाच्या कोनाप्रमाणे निळ्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत रंग बदलतात. काचेवर परावर्तन रोखणारा लेप असल्यामुळे भर उन्हातही काच आहे की नाही असे वाटते. डेटजस्टच्या तारखेवरचे भिंग तारीख अडीचपट मोठी दाखवते, आणि चाळिशी लागलेल्याला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. पण ते तिरक्या कोनातून पाहताना मधे येते आणि काचही अधिक चमकते. अंधारात दोन्ही वाचता येतात.

अ‍ॅक्वा टेराच्या मागच्या पारदर्शक झाकणातून यंत्र दिसते. त्यातली को-अ‍ॅक्सिअल एस्केपमेंट ही जॉर्ज डॅनियल्स या इंग्रज कारागिराची कल्पना. घासून सरकण्याचे प्रमाण कमी करून वंगणावरचा भार हलका करणे हा तिचा हेतू. ओमेगाने ती १९९९ साली प्रत्यक्ष घड्याळात आणली. रात्री दिव्याखाली ते यंत्र न्याहाळत बसणे हा मला जडलेला नाद आहे. डेटजस्टचे मागचे झाकण भरीव पोलादाचे आहे, त्यामुळे ज्याला यंत्र पाहायचे आहे त्याची तिथे निराशा होते. वापराच्या दृष्टीने याला अर्थ नाही, पण दिलेल्या पैशाचे समाधान यातूनही मिळते.

पावसाचे म्हणाल तर दोन्ही घड्याळांच्या किल्ल्या फिरकीने घट्ट बसतात. ओमेगा १५० मीटरपर्यंत आणि रोलेक्स १०० मीटरपर्यंत पाण्याला दाद देत नाही. किल्ली नीट बसवली असेल तर पुण्यातला पाऊस कोणाचेच काही बिघडवू शकत नाही. ओरखड्यांत डेटजस्ट लवकर सापडते. ऑयस्टर पट्ट्याच्या मधल्या कड्या झळाळत्या पॉलिशच्या असल्यामुळे टेबलावर हात टेकवून काम करणाऱ्याच्या घड्याळावर बारीक रेषा दिसणारच. अ‍ॅक्वा टेराच्या पॉलिश केलेल्या बेझलवरही एक-दोन उमटल्या आहेत.

खरेदीचा अनुभव सांगायला हवा, कारण पुष्कळांचा निर्णय तिथेच होतो. अ‍ॅक्वा टेरा मला काउंटरवर लगेच मिळाले. डेटजस्टची चौकशी केली तेव्हा एका विक्रेत्याने नाव यादीत लिहून घेतले आणि ‘आधी दागिन्यांतले काही पाहून घ्या’ असे सुचवले. ती सूचना मला अजिबात पटली नाही. बंधूंनी काही वर्षांपूर्वी आपले घड्याळ घेतले तेव्हा त्यांनाही थांबावे लागले होते. उलट पुढे विकायचे ठरले तर डेटजस्टची किंमत चांगली टिकते आणि ओमेगा वापरलेले म्हणून स्वस्तात जाते, हेही तितकेच खरे आहे. घड्याळ विकण्याच्या हिशेबाने घेणार असाल तर यापुढचे वाचायची गरज नाही, डेटजस्टची वाट पाहावी.

वापरण्यासाठीच घ्यायचे असेल तर आज मी पुन्हा ओमेगाच घेईन, मात्र ४१ मिमीचे नव्हे, ३८ मिमीचे. त्यात ८८०० क्रमांकाचे यंत्र आहे. त्याची साठवण ५५ तासांची असली आणि तास काट्याची उडी त्यात नसली, तरी तारीख चटकन बदलता येते आणि घड्याळ बसतेही अधिक नीट. सिलिकॉन स्प्रिंग, मेटासची चाचणी आणि मागचे पारदर्शक झाकण हे सगळे त्यात आहेच. अर्ध्या तासाच्या फरकात अडकणाऱ्या आपल्या वेळेला उडीची खुबी फारशी लाभत नाही. दुकानात ते घालून पाहताना क्लास्प मिटून दहा-पंधरा मिनिटे हातावर ठेवा, आणि कड्या कमी-जास्त करण्याविषयी आधीच बोलून घ्या. बंधूंना मात्र मी डेटजस्ट सोडून दुसरे काही सुचवणार नाही. त्यांना यंत्र पाहण्यात रस नाही, त्यांना वेळ आणि तारीख हवी असते, आणि उन्हाळ्यात पट्टा सैल करता यायला हवा असतो.

कराचेही दोन शब्द. दहा लाख रुपयांपेक्षा महाग मनगटी घड्याळावर एप्रिल २०२५ पासून विक्रेता एक टक्का कर आगाऊ गोळा करतो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, त्यामुळे पॅन क्रमांक बिनचूक नोंदवला आहे ना ते पाहावे. स्वित्झर्लंडसह युरोपातल्या चार देशांच्या एफ्टा या गटाशी झालेला भारताचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे आणि त्यात स्विस घड्याळांवरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत जाणार आहे. ज्यांना घाई नाही त्यांनी किमतींवर नजर ठेवावी. घड्याळ घालून परदेशी जाणार असाल तर निघताना विमानतळावरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे. त्यावर घड्याळाचा अनुक्रमांक लिहिलेला असतो, त्यामुळे परतताना ते तिकडून विकत आणले का, या प्रश्नाला उत्तर देत बसावे लागत नाही.