द वाइल्डसी: पाऊस लागायच्या आधी सुरू केला, शिगमो आला तरी चालूच आहे

फोंड्याला आमचा टेबलटॉप ग्रुप आहे, म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत, आपापलं पात्र घेऊन गोष्ट खेळणारी मंडळी, आणि बरीच वर्षं आम्ही असल्या गेम्सपैकी डंजन्स अँड ड्रॅगन्सच खेळत होतो. तो गेम 1974 पासूनचा, त्यात दम आहेच, पण दर वेळी तेच किल्ले, तेच बर्फाचे डोंगर, तीच टॅव्हर्न, आणि आमच्यातल्या एकानेही प्रत्यक्षात बर्फ पाहिलेला नाही, त्यामुळे डीएमने, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याने, कितीही जीव तोडून वर्णन केलं तरी डोळ्यासमोर काही उभं राहायचं नाही. मग द वाइल्डसी घेतला, 2022 चा गेम आहे. इतके महिने एकच मोहीम खेळल्यावर यातलं काय टिकतं आणि काय खटकतं ते नीट कळलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

जग असं आहे की साधारण तीनशे वर्षांपूर्वी झाडं एकाएकी इतकी वाढली की राज्यं, शहरं, रस्ते सगळं खाली गाडलं गेलं. या घटनेला व्हर्डन्सी म्हणतात. आता उरलाय तो झाडांच्या शेंड्यांचा समुद्र, आणि त्यावरून करवती लावलेली जहाजं फांद्या कापत जातात. खाली उतरावं तसे थर लागतात, थ्रॅश, टँगल, सिंक, ड्राउन, आणि तळाला उजेडच पोचत नाही असं डार्कनेस-अंडर-ईव्हज. झाडांत क्रेझरिन नावाचं विष आहे, ते नुसतं मारत नाही, अंगात भलतेच बदल घडवतं. आणि जहाजावर उघडी आग पेटवणं म्हणजे महापाप, कारण सगळं जगच लाकडाचं.

मला हे जग एवढं का भिडलं ते सांगतो. गोव्यात एखादं घर काही पावसाळे बंद ठेवून बघा, चिऱ्याच्या भिंतीतून पिंपळ बाहेर येतो, कौलं खाली येतात आणि दारापर्यंत पोचायला कोयता लागतो. हिरवळ म्हणजे आपल्याकडे फक्त फोटोतली शोभा नाही, तिला आवरावं लागतं, हे इथल्या प्रत्येकाला माहितीये. ओल्ड गोव्याचा सेंट ऑगस्टिनचा मनोरा बघितलाय ना, 46 मीटर उंच, ज्याचा निम्मा भाग 1931 मध्ये कोसळला, तो आम्ही पहिल्याच सेशनला उचलला आणि त्या समुद्रात नेऊन ठेवला. चर्च पानांखाली गडप, वर फक्त मनोरा, त्याला दोरखंडांनी बांधलेली जहाजं आणि वरच्या कमानीत बसलेला बाजार. कुणाला काही समजावून सांगावंच लागलं नाही, लगेच जो तो बोलायला लागला की माझी जहाज बांधायची जागा इथे, माझं कर्ज त्या दुकानदाराकडे.

आणि हे करायला पुस्तक स्वतःच सांगतं. रीच म्हणून काही प्रदेश दिलेत, पण सगळं जग ठरवून टाकलेलं नाही. गेममास्टरला इथे फायरफ्लाय म्हणतात आणि त्याचं निम्मं काम म्हणजे खेळणाऱ्यांना विचारणं, या बंदरात कोण राहतं, लोक कशाला घाबरतात वगैरे. मला विचाराल तर सेटिंगची खरी ओढ इथेच आहे. ज्या जगाचा हजार वर्षांचा इतिहास आधीच छापलेला असतो तिथे आपण पाहुणे असतो, इथे पहिल्या तासापासून घर आपलं.

जहाजसुद्धा सगळ्यांनी मिळून बनवायचं. आर्मर, सील्स, स्पीड, सॉज, स्टेल्थ, टिल्ट असे सहा आकडे असतात आणि प्रत्येक भाग निवडताना भांडणं होतात, म्हणजे चांगली भांडणं. आमचं जहाज म्हणजे सरळ रायबंदर-चोडणची फेरीबोट, सपाट तळाची, पुढे उतरणारी फळी, फक्त फळीच्या खाली करवती. नाव सांतेर. तिला ओरखडा जरी आला तरी ग्रुपवर दोन दिवस चर्चा चालते.

आता फासे. साधे सहा बाजूंचे, एका वेळी जास्तीत जास्त सहा, आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरायचा. 6 म्हणजे ट्रायम्फ, 4-5 म्हणजे कॉन्फ्लिक्ट, जमलं पण किंमत मोजून, 3 किंवा खाली म्हणजे डिझास्टर. दोन फाशांवर सारखा आकडा आला तर ट्विस्ट. एक उदाहरण देतो. आमच्यात वाळपयची एक मुलगी आहे, तिच्या घरी चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचं, सामान अजून रानातनंच आणतात. गेममध्ये गोळा केलेल्या झाडपाल्याला स्पेसिमेन म्हणतात, आम्ही बाकीचे शीटवर 'विचित्र फळ' असलं काहीतरी लिहायचो, तिने लिहिलं 'तांबडं कवंडळ, फुटलेलं'. पुढे किड्यांचा थवा दोरखंडावरून डेकवर चढायला लागला तेव्हा ती म्हणाली, थांबा रे, कवंडळ कडू जहर असतं, मी ते दोराला चोळते. इन्स्टिंक्टचा, म्हणजे अंगच्या सहज जाणिवेचा एक फासा, स्किलचे, म्हणजे कौशल्याचे दोन, कवंडळाचा एक. पडले 5, 3, 3, 1. किडे मागे फिरले, पण दोर सडायला लागला, ही किंमत. आणि तिठ्ठ्यांचा ट्विस्ट टेबलावरच्या दुसऱ्याच कुणीतरी सुचवला, की त्या वासाने खालून काहीतरी मोठं वर यायला लागलंय. पुढची दोन सेशन्स त्या 'काहीतरी'वरच गेली. माटोळी बांधणाऱ्या घरातल्या पोरीचं ज्ञान फँटसी गेममध्ये इतकं थेट कामाला येईल असं मला वाटलं नव्हतं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून गेमला घातलेल्या पैशांचं चीज झालं.

कॅरेक्टर्सची तर मजाच. एल्फ-ड्वार्फ नाहीतच. निवडुंगाची माणसं आहेत, अळंब्यांची आहेत, पतंगासारखी आहेत, आणि झेलिक्रे म्हणजे माणसाच्या आकाराच्या कातडीत राहणारा कोळ्यांचा अख्खा थवा. आमच्यातल्या एकाने तोच घेतला, सुरुवातीला सगळ्यांना शिसारी यायची, आता क्रूमधला सगळ्यात लाडका तोच. एचपी, म्हणजे जीव किती उरला ते मोजणारा आकडा, नाही, मार बसला की आपल्याच एखाद्या खुबीच्या, म्हणजे अॅस्पेक्टच्या, चौकटीवर खूण करायची, म्हणजे नेमकं काय गमावायचं ते आपण ठरवतो. याने प्रत्येक जखमेला गोष्ट मिळते.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. चौकटींच्या ग्रिडवर मिनिएचर्स, म्हणजे छोट्या बाहुल्या, सरकवत डावपेच लढवायची ज्यांना आवड आहे त्यांना इथली लढाई फार मोकळी वाटेल, इनिशिएटिव्ह, म्हणजे कुणाची पाळी कधी ते ठरवणं, वगैरे नाही, आमच्या एका दादाला अजूनही ते चुकल्यासारखं वाटतं. कॅरेक्टर बनवताना अॅस्पेक्ट्स इतके आहेत की नवखा माणूस वाचतच बसतो. आणि फायरफ्लायवर ताण खूप, कारण 4-5 सारखे येतात आणि दर वेळी नवी किंमत शोधायची, रात्री उशिरापर्यंत चाललं की डोकं चालेनासं होतं. मी आता सेशनच्या आधी आठ-दहा किमती वहीत लिहून ठेवतो, दोर तुटणं, माल पडणं, कुणीतरी बघणं, असल्या. त्याने बराच फरक पडला.

ज्यांना सुरू करायचंय त्यांनी आधी पीडीएफ घ्या, आणि पहिलं सेशन पूर्ण जहाज बनवण्यावर घालवा, कॅरेक्टर नंतर. ल्युडोचे फासे चालतात. आम्ही मराठी-कोंकणी मिसळून खेळतो, काही अडत नाही. सध्या आमचं जहाज सिंकच्या खाली न्यायचं की नाही यावर मतदान अडकलंय, दोन विरुद्ध दोन, आणि झेलिक्रे म्हणतोय की त्याच्या आतल्या कोळ्यांचंच एकमत होत नाहीये.