पक्ष्यांचे बाण, आमच्या आंब्यांत

पाकिटावर उडणाऱ्या फेझंटचं चित्र, खाली इंग्रजीत ठळक अक्षरांत ‘बर्ड हंटिंग’. कुरिअरवाल्याने ते रामबागेतल्या आमच्या ओट्यावर टेकवलं आणि समोरच्या वहिनींनी लगेच चष्मा लावला. म्हटलं, वहिनी, काळजी नको. तित्तर-लाव्यांची शिकार आमच्या आजोबांबरोबर संपली. आता तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने तुरुंगाचीच वाट. हे बाण मी चकत्यांवर मारायला मागवलेत.

फ्लू-फ्लू म्हणतात यांना, मुद्दाम लांब न जाणारे बाण. माझं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) धनुष्य ओढायला 28 पाऊंडांचं, म्हणजे शाळकरी पोरांचंच. तरी साधा बाण वर सोडून चकती चुकली, की तो आमच्या आंब्याच्या बागेचं कुंपण ओलांडून पलीकडच्या सोयाबीनमध्ये. दोन असेच गेले, कापणीतही सापडले नाहीत. भाचा हवेत चकती फेकतो (जुन्या योगा मॅटचे ताटाएवढे तुकडे), तोही माझ्या मागून, आणि समोर कुंपणापर्यंत चिटपाखरू नसेल तरच. बाण कितीही हळू पडला तरी डोक्यावर पडला तर तो बाणच.

साध्या बाणाला तीन पिसं, तीही कापून बेतलेली. याला चार, टर्कीच्या पंखाची, न कापलेली. हातात घेतलं तर धूळ झटकायची झटकणीच वाटते. सुटल्यावर पहिले पंधरा-वीस मीटर नेहमीच्या बाणासारखाच जातो, मग पिसांना हवा अडते आणि फर्रर्र करत खाली येतो. पावलं मोजली मी. सगळ्यात लांब गेला तो साठाव्या पावलावर सापडला. तिकडे अमेरिकेत उडत्या किंवा फांदीवरच्या पक्ष्यावर नेम धरणाऱ्यांना हेच हवं असतं. नेम चुकला तरी बाण परत मिळावा, रानात कुठे जाऊ नये.

पाकिटात टोकं दोन प्रकारची. एक रबरी, बोथट, झाडात घुसत नाही. दुसऱ्याला जुडो म्हणतात, त्याला स्प्रिंगच्या चार तारा. त्या गवतात अडकतात, त्यामुळे बाण गवताखाली सरपटत दडत नाही. पहिला तास मी रबरी वापरलं आणि बाण शोधण्यातच कंबर गेली. जुडो लावलं आणि प्रश्न सुटला. चकत्यांसाठी तेच घ्या. रबरी टोक पॉपिंजेच्या खेळाला ठीक. बेल्जियममध्ये उंच खांबावर पिसांचे नकली पक्षी बसवून खालून बोथट बाण मारतात, 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्येही हा खेळ होता.

आता रडगाणं. सहा बाणांचे 3,900 रुपये घेतले आणि एका बाणात तीन पिसं उजव्या पंखाची, चौथं डाव्याचं. ही चूक दुकानदाराने करू नये. सगळ्या पिसांचा कल एकाच बाजूला हवा, नाहीतर बाण दारुड्यासारखा डोलतो. फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, हॅपी हंटिंग.’ बदलून मात्र दिला, दहा दिवसांनी. पाकिटावर एक ओळ छापायला काय हरकत आहे, की भारतात हे फक्त खेळासाठी?

पावसाळ्यात पिसं लोळतात. आषाढात दोन बाण चिमणी भिजल्यासारखे झाले. चहाच्या पातेल्याच्या वाफेवर फिरवले आणि पुन्हा फुलले. पातेलं घरच्यांच्या नजरेआड ठेवा.

बागेचा रखवालदार झाबुआकडचा. बाण उलटसुलट करून हसला, ‘बाई, ये तो मुर्गी बांध दी तीर पे.’ मग आतून आपलं तीर-कामठं घेऊन आला. बांबूचं धनुष्य, दोरही बांबूच्याच पट्टीचा, ओढायला माझ्या धनुष्यापेक्षा कितीतरी जड. त्यात एक बाण बोथट लाकडी गाठीच्या टोकाचा. वडिलांचा, पाखरांसाठीचा. पिसं दोनच, दोऱ्याने बांधलेली. म्हणाला, बाण हरवू नये म्हणून जवळ जायचं, पिसं कशाला वाढवायची? मी म्हटलं, माझ्याच्याने जवळ जाववत नाही, म्हणून तर 3,900 दिले.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापला तो पिसाच्या चुकीसाठी, एक त्या पाकिटासाठी. सहापैकी पाच बाण हातात आहेत. सहावा लंगडा आंब्याच्या शेंड्यात अडकलाय, काठी पुरत नाही आणि भाच्याला चढू देत नाही. चैत्रात कैऱ्या उतरवायला माणूस येईल तेव्हा मिळेल.