कॉलेजच्या लॅबमध्ये फॉसेट कंट्रोलर: काही महिने वापरल्यावर

जळगावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबचं नेटवर्क माझ्याकडे आहे. पूर्वी ऑनलाइन परीक्षा आली की एकेका स्विचवर लॉगिन करून इंटरनेट बंद करायचं आणि परीक्षा संपली की पुन्हा तीच हमाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे स्विच ओपनफ्लो १.३ वर (बाहेरच्या प्रोग्रामने स्विचला नियम देण्याची ठरलेली भाषा) आणले आणि फॉसेट बसवला, म्हणजे सगळ्या स्विचना एकाच जागेवरून नियम देणारा कंट्रोलर प्रोग्राम. मोफत आहे, साध्या लिनक्स पीसीवर चालतो.

आता सगळे नियम एकाच यॅमल (साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये. परीक्षेचा एसीएल (कशाला जाऊ द्यायचं, कशाला नाही याची यादी) लॅबच्या व्हीएलॅनला (स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) लावला, फाइल तपासली, रीलोड दिला की झालं. फाइल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) असल्याने कोणी कधी काय बदललं तेही दिसतं. माझ्या लेखी खरी कमाई हीच. मात्र एसीएलमध्ये ज्याला परवानगी लिहिलेली नाही ते पॅकेट टाकलं जातं. म्हणून परीक्षेच्या सर्व्हरसोबत एआरपीलाही (आयपी पत्त्यावरून मशीन शोधणारी विचारणा) परवानगी द्या, नाहीतर तो सर्व्हरसुद्धा सापडणार नाही.

सगळे विचारतात, कंट्रोलर बंद पडला तर? मुलांचा डेटा कंट्रोलरमधून जातच नाही. कंट्रोलर फक्त नियम ठरवून स्विचच्या फ्लो टेबलमध्ये (नियमांचा तक्ता) भरतो, पुढचं काम स्विच करतो. आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून मुद्दाम कंट्रोलरची केबल काढून पाहिली. भरलेले नियम जागेवर राहिले आणि लॅब चालू राहिली. एका लॅबमध्ये पीसीवर ओपन व्हीस्विच (सॉफ्टवेअरमधला स्विच) आहे, तिथे मात्र जपा. त्याचा मूळ फेल मोड (कंट्रोलर तुटल्यावर कसं वागायचं ते) 'स्टँडअलोन' असतो. कंट्रोलर बराच वेळ दिसला नाही की ओपन व्हीस्विच साध्या स्विचसारखा वागू लागतो आणि तुमचे निर्बंध गळून पडतात. भर परीक्षेत असं झालं तर काय, याचा विचार करा आणि फेल मोड 'सिक्युअर'वर ठेवा, म्हणजे तो असा साधा स्विच बनणार नाही.

हार्डवेअर घेताना विक्रेत्याच्या 'ओपनफ्लो चालतं' या शब्दावर जाऊ नका. फॉसेटला एकाहून जास्त फ्लो टेबल लागतात, ती आहेत का ते आधी पाहा. नियमांची जागाही स्विचमध्ये मोजकीच असते.

दोन-तीन स्विचच्या ऑफिसने या भानगडीत पडू नये. अनेक लॅब आणि सतत बदलणारे नियम असतील तर जरूर घ्या. दुसरा कंट्रोलर आता वेगळ्या इन्व्हर्टरवर लावतोय. दोघांना तीच फाइल द्यायची, त्यांना आपसात बोलावंही लागत नाही.