सत्तेचाळीस गुणांचे कोडे : एनबीएच्या डंक स्पर्धेतील गुणदानाचे परीक्षण

एनबीए ही अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघटना; तिच्या वार्षिक ऑल-स्टार सोहळ्यातील शनिवारची रात्र, म्हणजे उंच उडी घेऊन चेंडू हाताने थेट रिंगमध्ये घालण्याची, डंकची स्पर्धा, आपल्याकडे रविवारच्या सकाळी उजाडते, आणि गेली अनेक वर्षे मी त्या सकाळी चहाच्या कपाशेजारी एक कोरा कागद घेऊन बसतो. परीक्षकांचे फलक वर येण्याआधी प्रत्येक डंकला आपले गुण लिहून टाकायचे, एवढाच माझा नेम. खेळाडूंच्या उड्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला परीक्षण करायचे आहे ते गुणदानाच्या व्यवस्थेचे, कारण वर्गणी भरून आपण जो कार्यक्रम पाहतो त्यात निकालही येतो, आणि माझ्या मते त्या कार्यक्रमाचा सर्वांत कच्चा भाग तोच आहे.

दीर्घकाळ चाललेली पद्धत अशी होती की पाच परीक्षक प्रत्येकी ६ ते १० यांपैकी गुण देत, म्हणजे डंकला कमीत कमी ३० आणि जास्तीत जास्त ५० मिळत. कागदावर ही एकवीस पायऱ्यांची पट्टी दिसते. प्रत्यक्षात मात्र बऱ्यापैकी जमलेल्या डंकला नऊच्या खाली उतरायला कोणी परीक्षक सहसा धजावत नसे, त्यामुळे खरी चढाओढ ४५ ते ५० या सहाच पायऱ्यांवर चाले. या अरुंद जागेत दोन असामान्य खेळाडू एकाच रात्री उभे राहिले तर काय होते, हे २०१६ मध्ये टोरोंटोत दिसले. अॅरन गॉर्डनने आपल्या ऑर्लँडो संघाच्या शुभंकराच्या (वेष धारण केलेल्या मॅस्कॉटच्या) डोक्यावरचा चेंडू उचलला, हवेत जणू मांडी घालून बसल्यासारखा तो दोन्ही पायांखालून फिरवला आणि रिंगमध्ये घातला. त्याला ५० मिळाले. झॅक लव्हीनच्या उत्तरालाही ५० मिळाले, आणि मग पन्नासला पन्नास अशी जुगलबंदी चालत राहिली. शेवटच्या डंकला गॉर्डनला ४७ मिळाले, लव्हीनला ५०, आणि विजेतेपद लव्हीनकडे गेले.

त्या निकालावर आजही वाद होतो, परंतु वाद घालणारे बहुधा चुकीच्या जागी बोट ठेवतात. शेवटच्या फेरीत फ्री थ्रो रेषेच्या (रिंगसमोरील, मोफत फेक जिथून घेतात त्या रेषेच्या) किंचित आतून झेप घेऊन दोन पायांमधून चेंडू काढणारा लव्हीन माझ्या कागदावरही स्पष्ट सरस होता. अन्याय झाला तो त्याआधी, शुभंकरावरच्या त्या अपूर्व डंकला आणि इतर उत्तम डंकना एकच गुण देणे पट्टीने भाग पाडले तेव्हा. ५१ देण्याची सोयच नव्हती, म्हणून गॉर्डनने कमावलेली आघाडी कोठे नोंदलीच गेली नाही.

२०२० चे शिकागो मात्र निराळे आहे. गॉर्डनने लागोपाठ पाच डंकना ५० मिळवले. प्रतिस्पर्धी डेरिक जोन्स ज्युनिअरच्या शेवटच्या डंकला ४८ पडले, आणि मग गॉर्डनने सात फूट पाच इंच उंचीच्या टॅको फॉल या खेळाडूवरून उडी घेतली. रिंग जमिनीपासून दहा फुटांवर असते, हे लक्षात घेतले की त्या धाडसाचे माप कळते. गुण आले ४७. तीन परीक्षकांनी नऊ दिले होते, त्यांत ड्वेन वेड होता, आणि जोन्स ज्या मायामी संघाचा, त्याच संघातून वेड आदल्याच हंगामात निवृत्त झाला होता. मी वेडच्या सचोटीवर शंका घेत नाही. फॉलच्या डोक्याला गॉर्डनचा स्पर्श झाला होता, आणि स्वच्छतेला महत्त्व देणाऱ्या परीक्षकाने त्यासाठी एक गुण कापणे समर्थनीय आहे. पण मग शेवटच्या डंकमध्ये जोन्सचा पाय फ्री थ्रो रेषेच्या आतून उचलला गेला त्याचे किती कापायचे, हे कोठेही लिहिलेले नव्हते. त्याहून गंभीर गोष्ट परीक्षकांपैकी एक असलेल्या कॉमन या रॅप गायकाने नंतर सांगितली. परीक्षकांचा बेत बरोबरी घडवून आणण्याचा होता आणि कोणाचे तरी गणित चुकले, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. समोरचा डंक न पाहता हव्या त्या बेरजेसाठी गुण द्यायचे, हा प्रकार कोणत्याही खेळात अक्षम्य ठरावा. गॉर्डन दोन अंतिम फेऱ्या हरला आणि दोन्ही वेळा आकडा ४७ च होता. त्यानंतर त्याने या विषयावर चक्क एक रॅप गाणे काढले, तेव्हा मला त्याचा राग मुळीच अवाजवी वाटला नाही.

घरच्या प्रेक्षकांचा दबाव हा जुना आक्षेप आहे. १९८८ मध्ये त्याच शिकागोत डॉमिनिक विल्किन्सने अंतिम फेरीत ५० आणि ५० मिळवल्यानंतर तिसऱ्या, दोन हातांनी पवनचक्कीसारखा चेंडू फिरवून मारलेल्या विंडमिल डंकला फक्त ४५ देण्यात आले. शिकागोच्याच मायकेल जॉर्डनने फ्री थ्रो रेषेवरून झेप घेऊन ५० मिळवले आणि स्पर्धा १४७ विरुद्ध १४५ अशी जिंकली. जॉर्डनच्या त्या झेपेचे छायाचित्र भिंतीभिंतींवर लागले, विल्किन्सचे ४५ मात्र त्याच्या चाहत्यांनाच आठवतात. आवाज बंद करून हे दोन डंक एकापाठोपाठ पाहावेत, अशी माझी वाचकांना शिफारस आहे. आरडाओरडा वजा केला की पाच गुणांची तफावत शोधूनही सापडत नाही.

चुकलेल्या प्रयत्नांचा हिशेबही असाच सैल राहिला आहे. २००६ मध्ये ह्यूस्टनला नेट रॉबिन्सनने एका डंकसाठी १४ प्रयत्न घेतले आणि तरीही आंद्रे इग्वोडालाला ४७ विरुद्ध ४६ असे हरवले. पुढे प्रयत्नांवर आणि वेळेवर मर्यादा आली, हे चांगले झाले, परंतु दुसऱ्या प्रयत्नात जमलेल्या डंकचे किती गुण जावेत याचे उत्तर अजूनही परीक्षकाच्या मनःस्थितीवर सोपवलेले दिसते.

प्रेक्षकांच्या मतदानाचा प्रयोग करून झाला आहे. २०१२ मध्ये सर्व निकाल मतांवर सोपवला, तेव्हा जेरेमी एव्हान्स २९ टक्के मतांवर विजेता ठरला. त्याबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही. मला त्यापेक्षा २०२१ ची अंतिम फेरी आवडली होती, कारण तेथे पाच माजी विजेत्यांनी आकड्यांचे सोंग न आणता थेट विजेत्याच्या नावाचा फलक उचलला आणि अॅन्फर्नी सायमन्स ३ विरुद्ध २ असा जिंकला. कोणी कोणाला पसंती दिली हे सर्वांनी पाहिले. मत असेल तर ते मत म्हणूनच दाखवावे, त्याला मोजमापाचा आव आणू नये.

२०२३ पासून परीक्षक ४० ते ५० यांमधील गुण देऊ लागले आणि पाचांची सरासरी काढली जाऊ लागली. पूर्ण गुणांतच विचार केला तरी या पट्टीवर ०.२ च्या अंतराने एक्कावन्न पायऱ्या होतात, म्हणजे सुधारणा आहेच. पण सवय पट्टीपेक्षा बलवान निघाली. मॅक मॅकक्लंगला त्या वर्षी एका डंकला ४९.८ आणि उरलेल्यांना ५० मिळाले. २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला त्याच्या चारही डंकना ५० पडले आणि ९९.६ मिळवूनही स्टीफन कॅसल हरला. मॅकक्लंग २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षांचा रास्त विजेता होता, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. तरीही जमिनीवरून जेमतेम उठलेल्या डंकलाही पन्नासपैकी चाळीस गुण हमखास मिळत असतील, तर दहावीच्या अंतर्गत गुणांची आठवण होते; वीसपैकी एकोणीस ज्याला पडतात तोच तेथे नापास समजावा.

इतर खेळांनी हे दुखणे केव्हाच ओळखले. १९७६ मध्ये, म्हणजे एनबीएची जुनी प्रतिस्पर्धी असलेल्या एबीए संघटनेने डेन्व्हरमध्ये पहिली डंक स्पर्धा घेतली त्याच वर्षी, मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्ट नादिया कोमानेचीला दहापैकी दहा मिळाले आणि तेवढा आकडा दाखवू न शकणाऱ्या गुणफलकावर १.०० उमटले. जिम्नॅस्टिक्सने २००६ मध्ये दहाची ती मर्यादाच काढून टाकली आणि काठिण्याचे व सफाईचे गुण वेगळे केले. डायव्हिंगमध्ये सात परीक्षकांपैकी वरचे दोन आणि खालचे दोन गुण बाद होतात, उरलेल्या तिघांच्या बेरजेला आधी जाहीर केलेल्या काठिण्यांकाने गुणले जाते. शिकागोतील वेडचा नऊ या पद्धतीत एकट्याने काही बिघडवू शकला नसता, आणि परीक्षकांना बरोबरी ठरवून घडवणेही जड गेले असते.

काठिण्यांक डंकला लावणे सोपे नाही, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. एका महाविद्यालयाच्या महोत्सवात खाली उतरवलेल्या रिंगवर डंक स्पर्धा होती आणि परीक्षक म्हणून मला बसवले होते. पहिल्याच मुलाला उत्साहाच्या भरात दहा देऊन बसलो आणि सहाव्या मुलाने त्याला सहज मागे टाकले तेव्हा माझ्याजवळ द्यायला काही उरले नव्हते. त्या दिवसापासून मी पहिल्या खेळाडूला सातच्या वर जात नाही, मग तो कितीही उडो. एनबीएच्या परीक्षकांनी निदान पहिल्या फेरीचे सर्व डंक झाल्यावर एकदम गुण जाहीर केले, तरी निम्मे दुखणे बरे होईल. प्रत्येक उडीनंतरच्या फलकांचा तमाशा तेवढा जाईल, आणि प्रक्षेपणवाल्यांना तो सोडवणार नाही, हेही मी जाणून आहे.

खेळ म्हणून डंक स्पर्धेला माझ्याकडून ४९. गुणदानाला ३४, आणि त्यातले चार २०२१ च्या त्या नावांच्या फलकांसाठी आहेत.